मोजमापातून वगळलेली खोली

कॅनडातल्या विनिपेगला उणे तीस अंश असताना एर्ना फ्रीझनच्या तळघरातली, सगळं घर ऊबदार ठेवणारी भट्टी बंद पडली. नवी केवढी घ्यायची हे ठरवायला कारागीर खोल्या मोजत फिरत होता.

स्वयंपाकघर: बारा बाय चौदा, खिडक्या दोन.

बैठक: पंधरा बाय अठरा.

"वरची खोली?"

"ती धरू नका," एर्नाचा मुलगा डार्सी म्हणाला. "लहान भट्टी पुरेल."

"अहो, तिथे कोणीतरी झोपतंय."

"आई. जानेवारीत तिला वृद्धाश्रमात नेतोय. तिला माहीत नाही अजून. बोला बिनधास्त, ठार बहिरी आहे."

एर्ना कॉफी घेऊन दारातच उभी होती. मुलाची कटकट नको म्हणून बहिरेपणाचं सोंग तिने दोन वर्षं चालवलं होतं.

वरची खोली: —

डार्सी तिच्या कानाशी ओरडला, "आई, भट्टीच्या कागदावर सही कर. घर तुझ्या नावावर आहे ना."

एर्नाने पेन हातात घेतलं आणि कारागिराला विचारलं, "माझ्या खोलीत येईल ना रे ऊब?"

"येईल की, आजी," तो कागदावरच्या कोऱ्या ओळीकडे बघत मोठ्याने म्हणाला.

एर्नाने सही न करताच पेन एप्रनच्या खिशात टाकलं.

"मग राहू दे," ती म्हणाली. "मला काही थंडी वाजत नाही."