मी पाणाड्या झालो ती विहीर

माझ्या अंगी एकच विद्या आहे, थापा मारण्याची, आणि तीही मी अर्धवटच शिकलो. म्हणून ही हकिगत खरी सांगतो. फक्त उन्हाचं थोडं वाढवून सांगेन, कारण ते ऊन होतं तसं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

१९०८ सालचा तो दुष्काळ. कावळे एका पंखानं उडत आणि दुसऱ्यानं डोक्यावर सावली धरत. झाशीच्या मिशनचे पादरी होल्डनसाहेब खेड्यांतून विहिरी बांधायला निघाले. बरोबर सहा गवंडी, पहारी, घमेली आणि दुभाषा म्हणून मी, मधुसूदन. आमचं घराणं चार पिढ्यांपूर्वी कारकुनी करायला झाशीत आलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बुंदेली. मऊरानीपूरपर्यंत आगगाडी आणि पुढं बैलगाडी, असे आम्ही टहरौलीच्या बाजूच्या एका खेड्यात पोहोचलो.

शिवेवरच हरकुँवर दिसली. गावची सून, सातवा महिना, डोक्यावर दोन घडे, तोंड पदराआड. नदी तिथून सव्वा कोस. आमच्या देखत ती मटकन खाली बसली आणि वरचा घडा फुटला. ती तशीच उठली, उरलेला घडा उचलून चालू लागली.

पादरीसाहेबांनी हॅट काढली. "मधुसूदनजी, ही बाळंत होण्याच्या आत हिला गावात पाणी मिळालं पाहिजे."

खणायचं कुठं, हा प्रश्न होता. मी म्हणालो, "साहेब, चिंता नको. आम्ही पिढीजात पाणाडे."

आमच्या घराण्याचा जमिनीखालच्या पाण्याशी काहीएक संबंध नव्हता. जमिनीवरच्याशी होता तो एवढाच, की आजोबा एकदा झाशीच्या लक्ष्मी ताल तलावात पडले होते आणि त्यांना लोकांनी ओढून काढलं होतं.

तळहातावर नारळ आडवा ठेवून मी गावभर फिरलो. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो, असं म्हणतात. माझा नारळ गावाच्या मधोमध, कडुनिंबाखाली, दगडी चबुतऱ्यासमोर उभा राहिला. गावात गार सावली तिथंच होती, आणि गावचे वडीलधारे दिवसभर त्या चबुतऱ्यावर हुक्का घेऊन बसत. काम पुरं होईपर्यंत देखरेख मला करायची होती, तेव्हा नारळानं माझी सोय पाहिली यात नवल नाही.

मुखिया दरयावसिंह डोळे मोठे करून बघत राहिले. तेवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं होतं. मी म्हणालो, "मुखियाजी, इथं खालून साक्षात गंगामैया वाहते. तुमच्या बैठकीच्या पुण्याईनं थांबली आहे. ही बैठक हलली, की ती निघाली."

त्या दिवशी मला तीन लोटे मठ्ठा मिळाला.

"बायकांना विचारलं?" पादरीसाहेबांनी विचारलं.

"विचारलं ना."

विचारलं होतं. मुखियांची लेक रज्जो माहेरी आली होती. जागा दाखवल्यावर ती म्हणाली, "बहुत नीकी जगह है, पंडितजी." म्हणजे फार चांगली जागा.

बावीस हातांवर पाणी लागलं, आणि गोड लागलं. यात माझा काही दोष नाही. गवंड्यांनी काठ बांधला, साहेबांनी प्रार्थना केली, गावानं उदबत्ती लावली, आणि मी दोन्हीकडे डोळे मिटून उभा राहिलो.

मग चार दिवस विहिरीवर रज्जो आणि दोन म्हाताऱ्या सोडून कोणी फिरकलं नाही. हरकुँवर रोज मागच्या वाटेनं नदीवर जात होती, आणि आता आठवा लागला होता.

मी रज्जोला गाठलं. "या सुनांना झालंय काय?"

ती हसायलाच लागली. "पंडितजी, चबुतऱ्यावर सगळे सासरे आणि जेठ, थोरले दीर, बसलेले. त्यांच्यासमोरून जायचं तर जोडे हातात घ्यायचे आणि घूँघट गळ्यापर्यंत ओढायचा. घूँघट सांभाळायचा का रस्सी ओढायची?"

"पण तू तर येतेस."

"मैं तो गाँव की बिटिया हूँ. मला कोणाचा घूँघट?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही मला विचारलंत, मला नीकी वाटली. बहूला विचारलंत का?"

आमच्या घरच्या बायका डोक्यावर पदर घेतात तेवढाच. चार पिढ्या बुंदेलखंडाचं अन्न खाल्लं, पण गावातल्या लेकीला आणि गावातल्या सुनेला एकच प्रश्न विचारला तर उत्तरं दोन येतात, हे मला ठाऊक नव्हतं.

मी मुखियांकडे गेलो. म्हटलं, बैठक जरा देवळामागं हलवा.

"हम तो अभी उठ जाएँ," मुखिया म्हणाले, "पर गंगामैया चली जाएगी. तुम्हीच सांगितलंत. आम्ही तर पाळ्या लावल्यात. जेवायलासुद्धा एकेक जण जातो, चबुतरा रिकामा नको म्हणून."

पादरीसाहेबांना सगळं सांगावं लागलं. ते म्हणाले, "मी बोललो तर त्यांना वाटेल, मी त्यांच्या देवीवर उठलोय. तुम्हीच जाऊन खरं सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत खरं बोललो, आणि एकाचाही विश्वास बसला नाही. मुखियांचा चेहरा कडक झाला. "हे पादरीजींनी बोलायला लावलं."

आता मिशनवरच बालंट यायची वेळ आली. मी नारळ मागवला. कोरड्या गोठ्यात तळहातावर ठेवला, उभा राहिला. बैलगाडीवर चढलो, उभा राहिला. मुखियांच्या खाटेवर चढलो, तिथंही ताठ उभा.

"खटिया के नीचे भी गंगामैया?" एक म्हातारे हळूच म्हणाले.

"नाही दद्दा. नारळाखाली माझा अंगठा." मी हात उलटा करून दाखवला.

दरयावसिंह माझ्या अंगठ्याकडे बघत होते. "मतलब," ते म्हणाले, "महिनाभर आम्ही पाळ्या लावून याची राखण केली."

मग जो हशा उठला, तो झाशीच्या स्टेशनात ऐकू गेला असावा. त्या दिवशी मेल दहा मिनिटं दचकून उभी होती म्हणतात.

चबुतरा संध्याकाळच्या आत देवळामागं गेला. दगड वाहिले गवंड्यांनी आणि मी. गवंड्यांना दोघांत एक दगड, मला एकट्याला एक, असा मुखियांचा निवाडा होता. पाठ अजून दुखते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरकुँवर आली. मी निंबाआड तोंड फिरवून उभा राहिलो. रहाटाची करकर ऐकू आली, पाणी घड्यात पडल्याचा आवाज आला. ती रज्जोच्या कानाशी काहीतरी बोलली.

"भौजी म्हणते, पाणी मीठो है, गोड आहे," रज्जो म्हणाली. "आणि म्हणते, रहाट माझ्या हाताला उंच पडतो. तोही कोणी तुमच्यासारख्यानंच बसवला असेल."

रहाट मीच बसवून घेतला होता, माझ्या उंचीच्या मापानं. दुपारी तो तिच्या हाताला पुरेल इतका खाली घेतला. पुढच्या तीन गावांत साहेबांनी मला पाणी शोधू दिलं नाही. भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि सुनांना विचारायला लावलं. त्या माझ्या पाठीला उत्तरं देत. बहुतेक उत्तरांत आधी मला नावं ठेवलेली असत आणि मग जागा सांगितलेली असे.