गुरांच्या डॉक्टरांचा टाय बूसानला जातो

बोलतोय मी, पण गळा माझा नाही. गळा आहे दक्षिण कोरियातल्या जांग्सू या गावच्या प्यो गिल-सोप या गुरांच्या डॉक्टरांचा, आणि मी त्या गळ्याभोवतीचा टाय. गडद निळा, अंगावर बारीक पिवळे ठिपके. विकणारा त्यांना चांदण्या म्हणत होता. डॉक्टरांनी निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मक्याचे दाणे वाटतात." आपण कुठल्या घरी पडलो, ते मला तिथेच कळलं.

माझं कापड देगूच्या गिरणीतलं. मला विकत घेतलं ओकबुनबाईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने. जनावरांच्या डॉक्टरांना दर वर्षी ठरावीक तास वर्गात बसून नवं काही शिकावं लागतं. पहिल्या वर्षी डॉक्टर शेणाचे डाग पडलेल्या जॅकेटातच निघाले होते. "अहो, लोकांना वाटेल गाय विकायला आलाय," असं म्हणून बाईंनी मला आणलं. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने मला बांधलं ते अडलेल्या वासराच्या पायाला दोरी बांधतात तसं. संध्याकाळी गाठ सुटेना. बाईंनी कात्री उचलली, तेव्हा माझा जीव जायचाच बाकी होता. शेवटी नखांनीच सोडवली.

पुढे दर वर्षी हेच. सकाळी जवळच्या जॉन्जू शहरात जायचं, दिवसभर व्याख्यानं ऐकायची, रात्रीच्या आत घरी. बाकी वर्षभर मी कपाटात, अंत्यविधीच्या काळ्या टायशेजारी. आमच्या गावात तरुण कमी आणि म्हातारे फार, त्यामुळे त्याला माझ्यापेक्षा पुष्कळ काम. तो मला जरा तुच्छतेनेच पाहायचा.

कपाटाचं दार नीट लागत नाही, म्हणून घरातलं सगळं ऐकू येतं. ऐकण्यासारखं असायचं काय? फोन. फोन वाजला की बाई उचलणार, कुणाची गाय, कधीपासून, ताप किती, हे विचारणार आणि अंगणात ओरडणार, "अहो, छोन्छोनला जा, गाय अडलीये!" डॉक्टर जाणार. परत आल्यावर बाई विचारणार, "जगली का?" आणि डॉक्टर सांगणार. तीसेक वर्षं नवराबायकोचं बोलणं झालं, ते असं. मध्ये नेहमी एक गाय उभी.

यंदा बाईंनीच कागद पुढे केला. "प्रशिक्षण बूसानला आहे. दोन दिवस. हॉटेल समुद्रावर. मी येणार."

"आणि फोन?"

"शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय. दोन दिवस गाईंना कळ काढू दे."

डॉक्टरांनी आवंढा गिळला असणार. मी तेव्हा गळ्यात नव्हतो, नाहीतर खात्रीने सांगितलं असतं.

बूसानला पोचलो त्या संध्याकाळी दोघं जेवायला बसले. डुकराच्या रश्शातला वाफाळता भात समोर आला. डॉक्टर म्हणाले, "रस्सा छान आहे." बाई म्हणाल्या, "हो." मग दोघांनी मुळ्याची किमची, म्हणजे आंबवलेलं तिखट लोणचं, खाल्ली. मग डॉक्टर म्हणाले, "मीठ जरा कमी आहे." बाई म्हणाल्या, "हो." शेजारच्या टेबलावरचं जोडपं एकमेकांच्या ताटातलं पळवत होतं, खिदळत होतं. डॉक्टरांच्या गळ्यात काहीतरी वर यायचं आणि परत खाली जायचं. मला वाटलं, आता बोलतील. शेवटी त्यांनी रश्शातलं हाड उचललं आणि म्हणाले, "या डुकराच्या सांध्याला सूज होती बघ."

बाईंनी चमचा खाली ठेवला.

प्रशिक्षणाला येणाऱ्या डॉक्टरांचे दोन प्रकार. बहुतेकजण दाराशी नावाचं कार्ड यंत्राला दाखवतात, थोडं बसतात आणि चहाच्या निमित्ताने समुद्रावर पसार होतात. तेजॉनचे मांजरांचे डॉक्टर मेंग हे त्यातले उस्ताद. दुसरा प्रकार म्हणजे आमचे डॉक्टर. पहिल्या रांगेत, पाठ ताठ, दुधातल्या पेशींवरच्या व्याख्यानातही डोळे टक्क उघडे.

"काय रे प्यो," मेंग कानाशी कुजबुजले, "बायको बरोबर आलीये आणि तू इथे शहाण्या बाळासारखा बसलायस?"

"तास पुरे व्हायला हवेत."

"तासांची काळजी मला सांगतोस? तू लपून बसलायस."

डॉक्टरांनी मान खाली घालून वहीत तारीख लिहिली. पण गळ्याशी राहणाऱ्याला कोण फसवणार? नाडी अशी उडाली की माझी गाठ हलली. मांजरांच्या डॉक्टरांना नेमकं दुखणं कळलं होतं. गाय मध्ये नसली की बायकोशी काय बोलायचं, हे आमच्या डॉक्टरांना येत नव्हतं, आणि ते शिकवणारं व्याख्यान यादीत नव्हतं.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आरशासमोर नवी गवती टोपी घालून पाहत होत्या. "आज रोपवेत बसू. समुद्रावरून जातो म्हणे."

"आज वासरांच्या न्यूमोनियावर आहे."

"जन्मभर तेच तर बघताय."

"नवी लस आलीये."

"ती पळून जाणार आहे का?"

डॉक्टरांनी मला घट्ट ओढलं आणि निघाले. दार लागेपर्यंत बाई आरशातच पाहत होत्या.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर खोलीवर आले, तर खोली रिकामी. पलंगावर बाईंचा फोन पडलेला, वाजत होता. बहिणीचा होता. वाजून वाजून थांबला.

तुम्हाला यात विशेष काही वाटणार नाही. पण ज्या बाईने न्हाणीघरात जातानाही फोन सोडला नाही, तिने तो पलंगावर टाकून जावं? डॉक्टर जिन्याने धावत खाली आले. लिफ्टचं त्यांना सुचलंच नाही. हॉटेलच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "आजी समुद्राकडे गेल्या."

वाळूत धावणं त्यांच्या वयाला शोभत नव्हतं, पण ते धावले. मी खांद्यावरून मागे फडफडत होतो. पाण्याच्या कडेला बाईंचे बूट दिसले, शेजारी शेजारी नीट ठेवलेले, आणि आसपास कुणीच नाही. त्या क्षणी डॉक्टरांचा श्वास थांबला. खोटं नाही सांगत. मी वाट पाहत होतो आणि तो येत नव्हता.

"ओकबुन!"

खडकापलीकडून आवाज आला, "ओरडताय काय? गाय सुटली का?"

बाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. डॉक्टर बूटपँटसकट आत शिरले. एक लाट आली आणि आम्हा दोघांना नखशिखांत भिजवून गेली.

"फोन का टाकून आलीस?"

"वाजू दे ना एक दिवस माझ्याशिवाय. तुमची लस टोचून झाली?"

"मला वाटलं... बूट दिसले, तू नाहीस..."

"मग काय मी बुडतेय? सोमजिन नदीच्या काठी वाढलेय मी. भावांच्या आधी पलीकडे पोचायचे."

डॉक्टर बघतच राहिले. "तुला पोहता येतं?"

"विचारलं कधी?"

लाटा येत जात होत्या. मग जे एवढा वेळ वर येऊन खाली जात होतं, ते एकदाचं बाहेर पडलं. "मला तुझ्याशी काय बोलायचं ते सुचत नाही गं. म्हणून तिथे बसून राहतो. व्याख्यान संपूच नये असं वाटतं."

बाई आधी हसल्या. मग हसता हसता थांबल्या. "आता कार्ड दाखवायला जा. तास कापले जातील."

"कापू देत."

तेवढ्यात वाऱ्याने बाईंची टोपी उडाली. डॉक्टरांनी ती पाण्यातून पकडून आणली, बाईंनी डोक्यावर घातली, पुन्हा उडाली. मग बाईंनी हात पुढे केला, मला डॉक्टरांच्या गळ्यातून सोडवलं, टोपीवरून घेतलं आणि स्वतःच्या हनुवटीखाली गाठ मारली. तशाच अवतारात दोघं रोपवेत बसली. खाली हिरवं पाणी. डॉक्टरांनी भीतीने डोळे मिटले होते आणि बाई त्यांची खेचत होत्या, "बैलाला घाबरत नाही आणि खोक्याला घाबरता?"

आवाज खणखणीत. पण मी आता बाईंच्या गळ्याशी होतो. इतकी वर्षं मला वाटायचं, शब्द अडतात ते डॉक्टरांच्याच गळ्यात. बाई काय, दिवसभर फोनवर बोलतात. त्या दिवशी कळलं, तो गळा किती कोरडा होता. प्रत्येक चेष्टेनंतर एक आवंढा.

बाहेर बघत बाई म्हणाल्या, "तुम्ही काम थांबवल्यावर फोन वाजायचा नाही. तेव्हा मी कुणाशी बोलणार, याची मला धास्ती वाटते."

डॉक्टरांनी डोळे उघडले. खाली मात्र पाहिलं नाही. "नदीत पोहायचीस, ते सांग ना. पाणी किती खोल होतं?"

पलीकडच्या टोकाला उतरेपर्यंत बाई बोलत होत्या, आणि उतरल्यावरही.

तास कापले गेलेच. उरलेले भरायला पुढच्या महिन्यात दोघांना योसूला जायचंय, तेही समुद्रावरच आहे. मेंग यांना फोनवर हे सांगताना डॉक्टर इतके खूश होते की पलीकडून मेंग म्हणाले, "प्यो, आता तू आमच्यातला झालास."

खाऱ्या पाण्याने माझा रंग विटला, कापड आकसलं. धोब्याने हात टेकले. डॉक्टरांना बूसानच्या बाजारात नवा टाय घेतला आहे, करडा आणि फार गंभीर. कपाटातल्या काळ्याशी त्याचं चांगलं जमेल. मी आता गवती टोपीची दोरी म्हणून खुंटीवर असतो. कुणी हळहळू नये. तुमच्या कपाटातही माझ्यासारखा एखादा असेल, फक्त समारंभासाठी घडी घालून ठेवलेला. त्याला कधीतरी विनाकारण बाहेर काढा, एवढंच मागणं.

आता रजा घेतो. बाई टोपी घालून परसात निघाल्या आहेत, डॉक्टर मागोमाग. मध्ये गाय उभी नाही, कुणाचा फोन नाही, आणि तरीही दोघांचा वाद ऐकू येतोय. मुळा आज पेरायचा की उद्या, यावर.