बेटावरचं फूल

सिंगापूरच्या यिशुन भागातल्या एका इमारतीत, दहाव्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला, कुंडीत एक झुडूप होतं. त्याचं नाव सार्कोलेना. नाव मोठं लक्षण खोटं, असं कमलाबाई म्हणत, कारण वर्षं गेली तरी ते फुलायचं नाव घेत नव्हतं. ही झाडं मादागास्कर बेटावरची, जगात दुसरीकडे आपणहून उगवत नाहीत. लेकाला, प्रफुल्लला, कुणा झाडवेड्या मित्राने बी दिलं होतं, पण ते रुजवलं कमलाबाईंच्या यजमानांनी, इथे राहायला आले होते तेव्हा. परत जाताना ते म्हणाले होते, फूल आलं की मला बोलवा. गावी गेले, आणि तिथूनच कायमचे गेले.

आज त्यांचा पहिला स्मृतिदिन. आणि नेमकी आत्ताच झाडाला कळी आली होती, एकच, जाडसर पेल्यात गुंडाळलेली, झबल्यातल्या बाळासारखी. प्रफुल्लचा सगळा जीव तिच्यात. बी धरलं तर बाबांच्या झाडाचा वंश वाढेल, फूल तेवढं तोडू नकोस, असं तुआसच्या कारखान्यात रात्रपाळीला जाताना त्याने आईला बजावलं होतं.

साखरझोपेत कमलाबाईंना ते बेट दिसलं. लाल माती, धुकं, आणि धुक्यात झारी घेऊन फिरणारे यजमान. त्यांनी हाक मारली, तर मागे न बघताच ते म्हणाले, "आलंय बघ."

त्या उठून बाहेर आल्या. फूल उमललं होतं. पांढरं, ओलसर, पहाटेच्या उजेडात नुसतं तरंगत होतं. रोजच्या बुद्धवंदनेला फूल लागतंच, आणि आज यांच्या तसबिरीपुढे दुसरं कुठलं शोभणार? बाजारातली शेवंती तर मान टाकून पडली होती. लेकाचं ऐकावं की मनाचं, काही सुचेना. त्यांचा हात देठापर्यंत गेला. तिथेच थबकला. मग त्या आत वळल्या.

प्रफुल्ल लिफ्टमधून उतरला, तर कुंडीपाशी बुद्धमूर्ती, शेजारी बाबांची तसबीर, मेणबत्ती, आणि चटईवर हात जोडलेली आई. फूल फांदीवरच होतं.

"आई, इथे बाहेर?"

"बोलवा म्हणाले होते ना," कमलाबाई म्हणाल्या. "बोलावलं."

प्रफुल्लने बूट काढले आणि तो आईशेजारी बसला. वर्षभर डोळ्यांतून टिपूस न काढलेला तो लेक, शेजाऱ्यांच्या सायकलीला टेकून, पोटभर रडला.