गोठ्यातली ओली चिंधी

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. मी गोठ्यातली चिंधी बोलतेय. खुंटीवर असते, आणि कायम ओली.

पूर्वी मी बाळाचं दुपटं होते. मऊ, पिवळं, फुलाफुलांचं. घरातली सून माझ्यात बाळाला गुंडाळून छातीशी धरायची. बाळ पाय झाडायला लागलं आणि मी अपुरी पडले. सासूबाई म्हणाल्या, "टाकायचं कशाला? कास पुसायला होईल."

धार काढण्याआधी माझ्या ओल्या अंगाने तांबडी गाईची कास पुसायची, मला बादलीत खळबळायचं, मग पांढरी गाईची पुसायची. या घरात असंच चालत आलेलं.

त्या पहाटे तांबडी सारखे पाय आपटत होती. तिचा एक सड सुजला होता, मला चटकन गरम लागला. त्याच्या भेगेतून काहीतरी माझ्या धाग्यांत उतरलं. डोळ्यांना न दिसणारं, पण जिवंत. सासूबाईंनी मला बुचकळलं, पिळलं आणि पांढरीकडे नेलं. मला ओरडता आलं असतं तर!

जंतूंना कसली घाई? माझ्या ओलाव्यात ते वाढत राहिले, आणि रोज दोन्ही वेळेला मी त्यांना पांढरीच्या सडांवर सोडत राहिले. धार झाली की सडाचं तोंड थोडा वेळ उघडंच राहतं. पांढरी दमून लगेच शेणात बसायची. आत शिरायला वाट मोकळीच.

मग एका सकाळी सून बाळाचं दूध गाळत होती. गाळणीत गुठळ्या.

"आई, बघा हो हे! हे पाजू मी बाळाला?"

"अगं, होतं कधीकधी. तू तर बाळ शिंकलं तरी डॉक्टर बोलावशील."

"बोलावीनच! आणि आज गाईसाठीही बोलावते."

ती फोन करायला आत गेली, तोच शेजारची काकू आली. तिची पहिलारू गाय नुकतीच व्याली होती.

"वहिनी, एखादं फडकं द्या ना. माझं उंदरांनी कुरतडलं मेल्यांनी."

सासूबाईंनी मला टर्रकन फाडलं. अर्धी मी काकूबरोबर गेले.

डॉक्टरीणबाई आल्या तोवर पांढरीची कास दगडासारखी झाली होती.

"कासदाह आहे. दोन सड वाचतील, बाकीच्यांचं सांगता येत नाही. दोघींना हेच फडकं?" त्यांनी मला चिमटीत धरलं. "प्रत्येक गाईला वेगळं, धुतलेलं, कोरडं फडकं घ्या. हात धुवा. आजारी गाईची धार शेवटी काढा. धार झाली की पुढ्यात चारा टाका, म्हणजे गाय उभी राहील. आणि हे दूध कुणालाही द्यायचं नाही. फडकं आणखी कुठे दिलंय का?"

सुनेने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई तांबडीच्या दाव्याची गाठ उगाच घट्ट करत म्हणाल्या, "छे हो. कुठे जाणार?"

आता मी गोठ्यामागे कचऱ्यावर पडलेय. सून काडी ओढतेय आणि माझ्याजवळ नेण्याआधीच विझवतेय. या फुलांवर तिचं बाळ झोपलं होतं ना. जळायचं मला काही वाटत नाही. पण माझं अर्धं अंग कुंपणापलीकडे खुंटीवर लटकतंय, संध्याकाळच्या धारेची वेळ झालीय, आणि काकू बादली घेऊन निघालीसुद्धा.

माझा आवाज तिथवर पोचत नाही. तुमचा पोचेल. पळा, सांगा तिला. आणि वाटेत ज्या कुणाच्या गोठ्यात सगळ्या गाईंना मिळून एकच फडकं असेल, त्यांनाही सांगत जा.