पंचवीस मिलिमीटरचा इंच

देवपूरच्या त्या कॉलेजात हितेंद्र सरांच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती. तरी प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हेमलतानं सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी पेन्सिलीनं लिहिली, ५९८.७ नॅनोमीटर. पुन्हा पुन्हा मोजून तेवढीच येत होती.

सर मागे येऊन उभे राहिले. "पुस्तकात किती आहे?"

"५८९.३, सर. पण माझी..."

"माझीबिझी काही नाही. तेच अँगस्ट्रॉममध्ये लिही, ५८९३. बठ्ठा पोरं काय येडा शेतस? सगळी तेच लिहितात ना? नापास झालीस तर हॉस्टेलची खोली जाईल."

खोली गेली की सातपुड्यातल्या गावाहून रोज येणं अशक्य, म्हणजे शिक्षण संपलंच. दातओठ खात तिनं आकडा खोडरबरानं पुसला आणि दर वर्षी सगळी बॅच लिहिते तोच ठोकून दिला.

जळगावहून आलेल्या परीक्षक मोहिनी मॅडमनी पेपर चाळले. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, 'ग्रेटिंग: इंचाला १५००० रेषा'. मॅडमनी ग्रेटिंगची, म्हणजे प्रकाश फाकवणाऱ्या बारीक रेषांची काच उचलली. तिच्या कडेला छापलं होतं, मिलिमीटरला ६००.

"पंधरा हजार कुठून आणल्या?"

"सहाशे गुणिले पंचवीस."

"इंच पंचवीस पॉइंट चारचा असतो, सर. पॉइंट चार गिळलात?" सरांचा चेहरा पडला. मॅडम बॅचवर घसरल्या. "आणि या चुकीच्या आकड्यानं तुमचं उत्तर पुस्तकातलं आलं? मोजलं कुणीच नाही. चोर आहात सगळे!"

हेमलताच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी मोजलं होतं. माझं ५९८.७ आलं होतं. सरांनी पुसायला लावलं."

"साफ खोटं!" सर ओरडले. शेजारच्या टेबलांवर सगळ्यांनी ऐकलं होतं, पण सगळे आपापल्या वह्यांत डोकं घालून बसले.

मॅडमनी कॅल्क्युलेटर दाबला आणि तिच्याकडे रोखून पाहिलं. "बरोबर. या चुकीनं एवढंच यायला हवं. पेपरवर काय आहे?"

"५८९३."

"लिहिलं कुणी?"

"मीच."

"मग शून्यही तूच घे. या बाकीच्यांनी मोजलंच नाही. तू मोजून खोटं लिहिलंस."

हेमलताला सरांचा संताप आला, मॅडमचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला स्वतःच्या हाताचा. आता हॉस्टेलची खोली रिकामी करायची होती. तिनं दप्तर उचललं, तेव्हा हितेंद्र सर घाईघाईनं फळा पुसत होते.