भिंगरीचं वजन

माझ्या नाकावर राग असतो हे ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यातला निम्मा राग वजनावरून असतो. आम्ही फुटबॉलचा व्हिडिओ गेम बनवतो. खेळाडूंची शरीरं माझ्याकडे. मी नोकरीला लागले तेव्हा गेममधली सोळा वर्षांची पोरगी दहा हंगाम खेळून सव्विसाची व्हायची, तरी वजन आपलं तेवढंच. ना खांदे भरायचे, ना मांड्या. "ही काय कपाटातली बाहुली आहे का?" म्हणून मी मीटिंगमध्ये भांडले, आणि भांडून भांडून शेवटी माझंच खरं केलं. आता आमच्या गेममध्ये वय वाढलं की अंग भरतं, व्यायामाने ताकद येते, दुखापतीनंतर माणूस सुटतो आणि सुटला की धावताना दमतो. याचा मला केवढा तोरा होता, काय सांगू. त्याच तोऱ्यात मी माझ्या भाचीचं वाटोळं करायला निघाले होते.

भिंगरी म्हणजे माझ्या दादाची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून भिंगरी, आणि पुढे क्लबकडून खेळायला लागली तरी तेच नाव टिकलं. गेल्या हंगामात तिचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, माझं तळमजल्यावर. म्हणून कुबड्या घेऊन ती माझ्याकडे राहायला आली. दिवसभर पलंगावर पडून राहायची आणि मी पुढ्यात ठेवेन ते खायची. एका सकाळी मी बाथरूममध्ये टॉवेल द्यायला गेले, तर बाईसाहेब भिंतीला धरून वजनकाट्यावर उभ्या. एकोणसत्तर. खेळायची तेव्हा एकसष्ट होती.

"आत्या, शपथ आहे तुला. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही."

"अगं, माझ्या पोटात राहील," मी म्हटलं. "आणि एवढं काय त्यात? पाय चालायला लागला की उतरेल."

राहिलंही माझ्या पोटात. मग गेमच्या नव्या आवृत्तीचं काम आलं. गेममध्ये खऱ्या क्लबांचे खरे खेळाडू असतात, त्यात भिंगरीही. क्लबकडून येतात ती वजनं करार करतानाची असतात, पुढे ती बदलायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ती आम्ही फोटो आणि सामने बघून अंदाजाने ताजी करतो. माझ्या शेजारी बसतो त्याला आम्ही चष्मिस म्हणतो. त्याने माझ्या पडद्यावर डोकावून दात काढले. "दुसऱ्यांचा गुडघा गेला की तुम्ही त्यांना फुगवता, आणि भाची मात्र एकसष्टची एकसष्ट! घरच्यांना माफी का, मॅडम?"

झालं. डोकंच सटकलं माझं. "माझ्याकडे घरचं-बाहेरचं काही नसतं," असं म्हणून मी तिथल्या तिथे एकोणसत्तर टाकलं. अंदाजसुद्धा केला नाही, बाथरूममध्ये पाहिलेला आकडा जसाच्या तसा. बाकीचं गेमने आपोआप केलं. तिचे गाल भरले, कंबर सुटली, वेग खाली आला. चष्मिसचं तोंड बंद झालं आणि मला बरं वाटलं. आता सांगतानाही लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं.

गेम बाजारात आला तोवर भिंगरी कुबड्या टाकून घरी गेली होती आणि फिजिओताईंकडे व्यायामाला जात होती. संघातल्या पोरीही आमचाच गेम खेळतात. कुणीतरी तिचं गेममधलं चित्र सगळ्यांना पाठवलं आणि खाली लिहिलं, 'भिंगरी की भोपळा?' त्यांच्याबरोबर ती पण हसली म्हणे. मग मला फोन केला.

"आत्या, तू नुसते नियम बनवतेस ना, आकडे भरणारे वेगळे? विचार ना त्यांना, कुठून मिळाला. वजन फक्त तुला आणि फिजिओताईंना माहीत होतं. तू तर सांगणार नाहीस."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. "अंदाज असतो गं तो," मी म्हटलं, आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतंच.

त्यानंतर दादाचे फोन सुरू झाले. "खातच नाही गं काही. काकडी आणि काळी कॉफी, बस्स. ताटावर बसवली तर घास चिवडत राहते." फिजिओताईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं: ऑपरेशन झालेल्या पायाची मांडी बारीक राहिली आहे, पोटात अन्न गेल्याशिवाय ती भरायची नाही, आणि मांडी भरल्याशिवाय क्लबचे डॉक्टर तिला मैदानात पाऊल टाकू द्यायचे नाहीत. हंगामापर्यंत नाही जमलं तर करार संपला. "पण ही त्यांचं ऐकेल तर शपथ," दादा म्हणाला. "त्यांनीच आकडा फोडला म्हणते."

एकीला उपाशी ठेवलं आणि दुसरीवर आळ आणला, तोही नुसत्या तोऱ्यापायी. सरळ जाऊन सांगायला हवं होतं. पण एवढी तोंडाळ मी, नेमकी तिथे माझी दातखिळी बसली. मी सोपी वाट काढली. पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप तिचं वजन पुन्हा एकसष्ट केलं. गेममधली भिंगरी होती तशी सडपातळ झाली, धावायलाही लागली. मनात म्हटलं, मिटलं एकदाचं.

रविवारी दुपारी दारात भिंगरी. गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली, आणि चेहरा मात्र कधी नव्हे इतका खुललेला. मोबाईल तिने माझ्या नाकाशी धरला.

"बघ, बघ! एकसष्ट! त्यांना दिसलं गं, आत्या! मी बारीक झाले ते दिसलं! आता अजून चार उतरवते, मग बघू कोण भोपळा म्हणतं."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. पोरीला वाटत होतं उपास फळला.

"बस आधी," मी म्हटलं. ती बसली नाही. "कुणाला काही दिसलेलं नाही. एकसष्ट मी टाकलं."

"म्हणजे?"

"एकोणसत्तरही मीच टाकलं होतं. वजनकाट्यावर बघितलेलं. फिजिओताईंनी कुणाला काही सांगितलं नाही."

तिने मोबाईल खाली घेतला आणि बाथरूमच्या दाराकडे बघत राहिली.

"का?"

चष्मिसचे दात आठवले. "राग आला होता," मी म्हटलं.

"माझा?"

"नाही गं राणी. तुझा नाही."

"मग मी उपाशी कशाला राहिले?" तिने आपल्या उजव्या मांडीवर थाप मारली. विजार तिथे ढिली लोंबत होती. "ही भरत नाहीये, आत्या. ही पण टाईप करून देशील?"

मी पुढे झाले तर ती मागे सरली. मग वळली आणि लंगडत फाटकाबाहेर गेली. मी दारातच उभी राहिले.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "काय सांगितलंस गं तिला? आल्या आल्या आईला म्हणाली, वाढ. रडत रडत जेवली, पण दोनदा मागून घेतलं. मग फिजिओताईंना फोन लावला, माफी मागितली, उद्यापासून येते म्हणाली. मी म्हटलं, आत्यालाही बोलावू का, तर म्हणते, तिचं नाव काढलंत तर ताटावरून उठेन."

"मग नका काढू माझं नाव," मी म्हटलं. "जेवू दे तिला."