लाल पट्टी

खेळ अडखळायला लागला की स्टुडिओत एकमेकांकडे बोट दाखवायची पद्धत होती. आवाजवाला चित्रकाराकडे, चित्रकार प्रोग्रामरकडे, आणि प्रोग्रामर मोबाइल बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांकडे. हा तमाशा एकदाचा मिटावा म्हणून यानिना ओलिवेराने काटा बनवला.

काटा म्हणजे एक छोटा प्रोग्राम. खेळाच्या इंजिनात बसून तो सगळं मोजायचा. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं उमटायची, एकेका चित्राच्या वाट्याला जेमतेम सोळा मिलिसेकंद; त्यातले सावल्यांनी किती खाल्ले, पक्ष्यांनी किती, पाण्याने किती, हे काटा रंगीत पट्ट्यांनी दाखवायचा. ज्याची पट्टी लाल, तो चोर. मॉन्टेव्हिडिओतल्या त्या चौदा माणसांच्या स्टुडिओत महिन्याभरात काट्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य झालं. यानिनालाही ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

मार्चमध्ये लाल पट्टी पाण्यावर आली आणि तिथेच बसली. दर दहा सेकंदांनी खेळ एक गचका खायचा. पाणी विल्सन बेन्तांकोरचं होतं. पंचावन्न वर्षांचा, स्टुडिओत सर्वांत वयस्कर. सारा जन्म नदीच्या किनाऱ्यावर गेलेला. नदीचं ते तपकिरी, गढूळ पाणी त्याने असं काढलं होतं की बघणाऱ्याने नकळत पाय वर घ्यावेत. पण परदेशातल्या प्रकाशकाने तंबी दिली होती: स्वस्त मोबाइलवर खेळ सुरळीत चालला नाही, तर करार विसरा. मालक फाब्रिसिओने सगळ्यांना भिंतीवरच्या पडद्यासमोर बसवलं.

"पाणी अर्धं कापलं मी," विल्सन म्हणाला. "लाटा कमी केल्या, फेस काढला. तुमची पट्टी तसूभर हलली नाही. दोष पाण्यात नाहीये."

"मग काय, काटा खोटं बोलतोय?" फाब्रिसिओने विचारलं.

विल्सनने यानिनाकडे पाहिलं. "पोरी, तू एकदा तपासून बघ. इतकंच म्हणतोय."

"काटा खोटं बोलत नाही, म्हाताऱ्या," यानिना म्हणाली. "आणि तुझ्यासारखा रुसतही नाही."

सगळे हसले. आपल्या वाक्याला हशा मिळाला याचा तिला आनंदही झाला. शुक्रवारी विल्सनने थर्मास काखेत मारला, माते नावाचा तिकडचा कडू चहा प्यायचा तुंबा उचलला आणि तो गेला. काढून टाकलं असं म्हणायचं नव्हतं, फाब्रिसिओचा शब्द होता, "दोघांच्या संमतीने."

बुधवारी यानिनाने आपल्या मशीनवर पाणी पूर्ण काढून तिथे सपाट निळा रंग ओतला. गचका तसाच. लाल पट्टी आता पक्ष्यांवर. तिने काटा बंद केला, विल्सनचं पाणी परत घातलं आणि पडद्याकडे टक लावून बसली. दहा सेकंद झाले, वीस झाले, दोन मिनिटं झाली. खेळातली होडी एकदाही अडखळली नाही.

चूक शेंबड्या पोरालाही कळावी अशी होती. काटा दर दहा सेकंदांनी आपली मोजणी फाइलीत उतरवायचा, त्याला वेळ लागायचा, आणि तो वेळ यादीत शेवटी जे असेल त्याच्या नावावर पडायचा. शेवटी पाणी होतं. वाण्याने पारड्यावर अंगठा ठेवावा आणि वजन वांग्यांचं लावावं, तसलं. फरक इतकाच की वाण्याला आपला अंगठा माहीत असतो.

ती फाब्रिसिओकडे गेली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"दुरुस्त कर. पण बोभाटा नको. प्रकाशकाला काटा आवडलाय, त्यांच्या सगळ्या स्टुडिओंत लावणार म्हणतायत, तुझ्या हाताखाली. आता त्यांना सांगू, की आम्ही भलताच माणूस घालवला?"

"मग विल्सनला परत बोलाव."

"काय सांगून बोलावू? तेच तर सांगता येत नाहीये!"

शनिवारी ती सेर्रो वस्तीत विल्सनच्या घरी गेली. तो अंगणात भाच्याच्या दुकानाची पाटी रंगवत होता. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं आणि सांगतासांगता रडली. विल्सनने ब्रश पुसला.

"मी म्हणालो होतो, तेव्हा तपासलंस?"

"नाही."

"आता स्टुडिओत सांगितलंस?"

"फाब्रिसिओला."

"मी सगळ्यांना म्हणतोय. जे हसले त्यांना."

तिने नकारार्थी मान हलवली.

"घरी बसून मला हेच खात होतं, की माझा डोळा गेला, हात गेला. तसं नाही हे कळलं, बरं झालं. पण पोरी, नाक कापलंस चारचौघांत आणि माफी मागायला आलीस ती एकटी, अंगणात. ही माफी घेऊन मी जाऊ कुठे? जा, घरी जा."

त्याने तिला माते विचारलं नाही. त्या शहरात याहून कानफटात दिलेली परवडते.

सोमवारी बैठकीत यानिनाने काट्याची नवी आवृत्ती दाखवली. गचका गेला होता. लाल पट्टी कुठेच नव्हती.

"मानलं तुला!" आवाजवाला ओरडला. "म्हाताऱ्याचं पाणी ताळ्यावर आणलंस, आणि बघा खेळ कसा पळतोय!"

टाळ्या पडल्या. फाब्रिसिओ तिच्याकडे बघत होता. टाळ्या थांबल्या, सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले, आणि बोलायला तिला हवा तेवढा वेळ मिळाला.

"आभारी आहे," ती म्हणाली.